आधी तुम्ही

काशान, २२ मेहेर

बर्झीन,

घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे, आपली मामान. हे कामाचं पत्र आहे. कागदावर लिहितेय, कारण मोबाईलवर लिहिलं की तू वाचतोस, दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे चार वर्षं काहीही होत नाही. कागदाला खुणा नसतात. तू वाचलंस की चुलीत घातलंस हे मला कळणार नाही, आणि तेच बरं.

तर काम असं आहे. हाजी तवानांच्या गालिच्याच्या कारखान्यात सात नंबरच्या मागाचं कंट्रोलचं कपाट उन्हाळ्यात जळालं. नवं बाहेरून इराणात येत नाही, निर्बंधांचं तुला मी काय सांगू. ज्यांनी माग बनवला ते आता पत्राची पोचसुद्धा देत नाहीत. बाकीच्या अकरा मागांची कपाटंही म्हातारी झालीयत. हाजी-आगांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "फरंगीसखानुम, तुम्ही बहीणभावानं मिळून मशीन चालवणारं काहीतरी स्वतःचं बनवलं होतं ना? ते काय झालं?" मी म्हटलं, आहे माझ्याकडे. 'मिळून' हा शब्द तेवढा गिळला.

मग आपलं कर्नेल, मशीनची कामं वाटून देणारा तो प्रोग्राम, फडताळातून बाहेर काढलं. कर्नेलला आपल्या फारसीत हस्ते म्हणतात आणि हस्ते म्हणजे जर्दाळूची बी, एवढंच मामानला माहीत. परवा म्हणाली, "तुमची ती बी रुजली का गं? चार वर्षं झाली पेरून." तेव्हा मीही आता बीच म्हणते. नव्या बोर्डावर चढवली, मागाच्या तारा जोडल्या, आणि पहिल्याच दिवशी माग हलला. मिनिटाला एकशे तीस वेळा बाण्याचा आडवा धागा आत जातो. एका फेरीला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि तेवढ्यात उभे धागे उचलणाऱ्या अडीच हजार आकड्यांना वर का खाली ते सांगायचं, धागा नेणारा दांडा आत धाडायचा, समोरासमोर विणल्या जाणाऱ्या दोन गालिच्यांमधून सुरी फिरवायची. हुकूम चार मिलिसेकंद उशिरा गेला तर फूल वाकडं. आपली नऊ हजार ओळींची बी हे करते. करते म्हणजे, वीस-पंचवीस मिनिटं करते.

मग माग थांबतो. लाल दिवा लागत नाही, कुठे चूक दाखवत नाही. प्रोसेसरला विचारलं तर म्हणतो मी पूर्ण कामात आहे. कामात आहे आणि काम होत नाही, अगदी नगरपालिकेसारखं. माझा संशय तुझ्या 'बेफर्मा'वर आहे. एका कामानं दुसऱ्याला वाट द्यायची ते फंक्शन तूच लिहिलंस, दारात उभं राहून आपण "आधी तुम्ही" म्हणतो ते नावही तूच ठेवलंस, आणि हसून हसून गडाबडा लोळला होतास. सोबत त्याची पानं छापून पाठवतेय. बघ आणि सांग.

वसंतातल्या नवरोजच्या आधी एक अख्खा बारा मीटरी गालिचा एकदाही न थांबता विणून दाखवायचा आहे. जमलं तर बारा मागांवर आपली बी बसेल. नाही जमलं तर हाजी-आगा सगळे माग भंगारात काढणार आणि अडतीस विणकर घरी बसणार. असं आहे, म्हणून लिहावं लागलं.

बाकी काही नाही. तिकडे जर्मनीत, आखेनला थंडी पडली असेल. आतून बनियन घालत जा. आजारी माणूस कोड नीट वाचत नाही, म्हणून सांगितलं.

फरंगीस


काशान, १७ आबान

बर्झीन,

उत्तर नाही. टपालाला तीन आठवडे लागतात हे मला कळतं, तरी रोज फाटकापर्यंत जाऊन येते. शेजारच्या इशरतखानुमला वाटतंय मला कुणाची मागणी आलीय. बावन्नाव्या वर्षी. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

तुझ्यावाचून थोडी प्रगती झाली आहे. म्हणजे माझी नाही, उस्ता रहमतची. सात नंबरचा विणकर. तीस वर्षं मागाच्या आवाजात उभं राहून त्याला एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं नको तेवढं येतं. मी कपाटावर दोन दिवे बसवले होते. आकड्यांचं काम चालू असलं की हिरवा, दांड्याचं चालू असलं की पिवळा. काल दुपारी माग पुन्हा थांबला. मी स्क्रीनसमोर कपाळाला हात लावून बसले होते. उस्ता दिव्यांकडे बघत उभा राहिला आणि एकदम हसायला लागला.

"इंजिनियरबाई, तुमच्या मागाला काय झालंय सांगू? फार घरंदाज आहे तो."

"म्हणजे काय, उस्ता?"

"हे बघा की. हिरवा म्हणतो, आधी तुम्ही. पिवळा म्हणतो, छे छे, तुमच्या आधी मी? देवा देवा, आधी तुम्ही. आमच्या लग्नात माझे दोन सासरे असेच दारात अडले होते. पुलाव गार झाला, पण एकही आत शिरेना."

"दोन सासरे कुठून आणलेत?"

"एक माझा, एक भावाचा. एकाच मांडवात उरकलं होतं. असलं मानपान, असा तारोफ करायला दोन माणसं पुरतात, बाई, आणि ती दोन तुम्ही बरोबर शोधून आत बसवलीत."

मी दिवे पाहिले. हिरवा-पिवळा, हिरवा-पिवळा, डोळ्याला जेमतेम कळेल इतकं भरभर. आणि लख्ख कळलं. आकड्यांच्या कामाला दोन किल्ल्या लागतात, एक नक्षीच्या कप्प्याची आणि एक शाफ्टच्या कप्प्याची. दांड्याच्या कामालाही त्याच दोन लागतात. हा नक्षीची उचलतो, तो शाफ्टची उचलतो. दोघांना दिसतं की दुसरी किल्ली समोरच्याच्या हातात आहे. दोघं सभ्य. दोघं आपापली किल्ली खाली ठेवतात, बेफर्मा म्हणतात आणि पुन्हा उचलतात, एकाच वेळी. असे हजार वेळा, लाख वेळा. प्रोसेसर खरंच कामात होता रे. तो तारोफ करत होता.

जगात कर्नेल लिहिणारे पुष्कळ असतील. त्यात तारोफ घालणारे बहुधा आपणच.

असो. म्हणजे गफलत बेफर्मातच आहे हे सिद्ध झालं, आणि बेफर्मा तुझं. तेव्हा आता तरी लिही.

मामाननं मघाशी विचारलं, "कुणाला एवढं लांबलचक लिहितेस?" मी म्हटलं, मशीनवाल्यांना. ती म्हणाली, "मग मशीनवाल्यांना सांग, गोश्त-लूबियाचं कालवण केलं की अजून माझ्या हातून तीन ताटं घेतली जातात." निरोप जसाच्या तसा दिला आहे.

फरंगीस


काशान, ११ आज़र

बर्झीन,

पाकीट आलं. फोडलं तर आत माझीच पानं. पत्र नाही, सलाम नाही, तब्येत कशी आहे नाही. फक्त चौथ्या पानावर दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेभोवती लाल पेन्सिलीनं गोल, आणि खाली तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर. "आब्जी, इथली ओळ कुठे गेली?"

आब्जी. ताईला मारायची ही हाक तुझ्या अक्षरात चार वर्षांनी पाहिली. आधी तेवढीच वाचली. मग उठून चहा केला, प्यायले, आणि मग पुढचा प्रश्न वाचला.

बरोबर आहे. तिथे एक ओळ होती. तीनदा "आधी तुम्ही" म्हणून झालं की चौथ्यांदा म्हणायचं नाही, मुकाट्यानं आत जायचं. शेजारी तुझी टीपही होती की तिसऱ्यांदा नको म्हणाला तर खरंच नको असतं. ती मी काढली. कोड जरा आटोपशीर करताना.

वरचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. ते खोटं आहे. तू गेलास त्याच आठवड्यात मी ती ओळ काढली. ती दिसली की माझं डोकं भडकायचं. का, ते आज लिहीत नाही. मागच्या दोन पत्रांत सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं, ते तेवढं परत घेते. हे लिहायला मला किती जड गेलंय हे तुला कळेल, कारण आयुष्यात मी तुझी माफी एकदाच मागितली होती, तुझा पतंग फाडला तेव्हा, आणि तीही बाबांनी कान धरल्यावर.

ओळ परत घातली आहे. शनिवारी माग सुरू करतो. उस्ता रहमत म्हणतो, "तीनदा म्हणजे बरोबर आहे. तीनदा म्हटल्यावर माझा सासराही आत गेला होता."

एक विचारू? तिकडे लिफ्टवाल्यांकडे तू काय करतोस? मामानला मी सांगून ठेवलंय की तू लोकांना वर-खाली करतोस. ती म्हणाली, "ते तर तो लहानपणापासून करतोय."

फरंगीस


काशान, ६ दे

माझ्या बर्झीन,

त्या शनिवारी माग सुरू झाला, हे लिहायला मला तीन आठवडे लागले. दोन तास चालला. हॉलमध्ये बाकीचे विणकर येऊन उभे राहिले, कुणीतरी खडीसाखर वाटली. मी मनात तुला शाबासकी दिली. आणि मग असा आवाज झाला की मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

दोघं पुन्हा एकमेकांसमोर आले होते. एकदा आधी तुम्ही, दोनदा आधी तुम्ही, तीनदा आधी तुम्ही. दोघांनी बरोबरीनं मोजलं, आणि तीन झाल्यावर दोघं एकदमच आत शिरले. दांडा आत आणि आकडे खाली. ताण्याचे बाराशे उभे धागे एका झटक्यात तुटले. आपण घरच्या खोलीत एका लहानशा मोटरवर तपासलं होतं, तिथे दोन कामं कधी एका पावलावर चाललीच नाहीत. इथे दोघं एकाच शाफ्टवर चालतात. म्हणजे तुझी ओळही चूक होती आणि माझं ती काढणंही चूक होतं. उस्ता रहमत अडीच दिवस खाली बसून एकेक धागा गाठवत होता. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हाजी-आगा आले. माग पाहिला, दाढीवरून हात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "फरंगीसखानुम, चूक कुणाची?"

बर्झीन, माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं. अगदी दातांपर्यंत. ओळ त्याची आहे, मी फक्त परत घातली, असं म्हणून मोकळी झाले असते, आणि ते धड खोटंही नव्हतं. तेव्हा मला आठवलं की हे मी याआधी एकदा केलंय.

आता ते लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहवणार नाही.

तू निघालास ती दुपार. तुझी बॅग आपल्या कामाच्या खोलीच्या दारात होती. मी चहाचा पेला हातात धरून उभी होते. तू म्हणालास, "आब्जी, थांबू का? तू म्हणशील तर नाही जात." मी म्हटलं, "छे, काहीतरीच. माझ्यासाठी कशाला थांबतोस? जा." तू पुन्हा विचारलंस, "खरंच?" मी म्हटलं, "खरंच रे बाबा, मी बघते इथलं." आणि मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभी राहिले. आपल्याकडे सगळे विचारतात. भाजीवालासुद्धा तीनदा "राहू द्या हो" म्हटल्यावरच पैसे घेतो. तू तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी थांब म्हणणार होते. शब्द तयार होता. तू बॅग उचललीस, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलंस आणि गेलास. चहा हातातच गार झाला.

हे एवढंच असतं तर तो माझा मूर्खपणा होता. पण संध्याकाळी मामाननं विचारलं, "तुला एकटीला टाकून गेला? तुला विचारलं तरी का?" आणि मी म्हटलं, "नाही. विचारलंच नाही त्यानं."

मग तिनं फोनवर तुला जे काही ऐकवलं ते मी शेजारी बसून ऐकलं. तू एकदाही म्हणाला नाहीस की मी विचारलं होतं. मला खोटं पाडलं नाहीस. फोन करणं मात्र बंद केलंस. चार वर्षं मामान इशरतखानुमपासून आपल्या खाला-मावशीपर्यंत सगळ्यांना सांगतेय की मुलगा बहिणीला न विचारता गेला, आणि मी मान खाली घालून भाजी निवडतेय. मी तुझ्यावर रुसले आहे असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मला तुझ्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते.

हाजी-आगांना मी म्हटलं, "चूक दोघांची आहे. जास्त माझी." ते म्हणाले, "मग दोघांनी मिळून निस्तरा. नवरोजपर्यंत वेळ आहे."

उद्या मामानला सगळं सांगणार आहे. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तो तुझा हक्क आहे. पण बेफर्माकडे एकदा बघ. माझ्यासाठी नको, त्या अडतीस माणसांसाठी बघ.

तुझी बहीण
फरंगीस


काशान, १२ इस्फंद

बर्झीनजान,

आधी मामानचं सांगते. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चार वर्षं मी त्या लेकराला बोल लावले," म्हणाली, "आणि तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस?" तीन दिवस माझ्याशी अबोला. चहा द्यायची, पण साखरेचा खडा काढून घ्यायची. चौथ्या दिवशी बशीत खडा दिसला आणि मी बावन्न वर्षांची बाई ओक्साबोक्शी रडले. मग तीही रडली. मग म्हणाली, "पुरे आता, तुझ्या नाकाचं पाणी चहात पडेल." खालाला आणि इशरतखानुमला तिनं स्वतः फोन करून खरं सांगितलं. मला तिथेच बसवून. बरोबरच केलं.

मग तुझं पाकीट आलं. पूर्ण बेफर्मा तू खोडून टाकलं होतंस आणि त्याच्या जागी अकरा ओळी. मी त्या वाचल्या, मग हातानं पुन्हा उतरवून काढल्या, नुसत्या समजून घ्यायला. किल्ल्यांचा क्रम ठरलेला. आधी नक्षीची, मग शाफ्टची, सगळ्यांनी याच क्रमानं उचलायच्या. ज्याच्या हाती पहिली आली त्यानं काम संपवूनच ठेवायची, मध्ये कुणाला विचारायचं नाही. आणि मोठं काम बाहेर ताटकळत असलं, तर आतल्या धाकट्या कामाला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान द्यायचा, म्हणजे त्याला मध्येच कुणी उठवणार नाही आणि ते लवकर मोकळं होईल. किती साधं आहे रे! मला चार महिने सुचलं नाही, कारण मी तुझी चूक शोधत बसले होते.

मंगळवारी सकाळी सात वाजता माग सुरू केला. उस्ता रहमत दिव्यांसमोर स्टूल टाकून बसला. दर तासाला म्हणायचा, "इंजिनियरबाई, आज फार उद्धट आहेत दोघं. वा!" दुपारी मी जेवले नाही. चार वाजता सुरी शेवटच्या टोकाला पोचली, दोन गालिचे एकमेकांपासून सुटले आणि रुळांवर उलगडले, एकाही फुलाची पाकळी वाकडी नाही. माग एकदाही थांबला नव्हता. हॉलमध्ये अडतीस माणसं गालिच्याभोवती उभी होती. मग उस्तानं टाळी वाजवली आणि मागाहून काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण बायकांनी मला घेरून इतके मुके घेतले की चष्मा गेला. हाजी-आगा म्हणाले, "बाकीचे अकरा कधी सुरू करता?" एवढंच.

आता तुझ्या पानाच्या शेवटच्या ओळीबद्दल. तुला वाटलं असेल कोडाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं की मी बघणार नाही. "आब्जी, तिसऱ्यांदा विचारायचं असतं हे मला माहीत होतं. तू थांब म्हणशील या भीतीनं विचारलं नाही."

ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. आधी संताप आला. म्हणजे तुला माहीत होतं! मग हसू आलं. चार वर्षं मी स्वतःला सांगत होते की तू मला ओळखलं नाहीस, आणि तू तर मला पुरतं ओळखूनच पळालास. बरं केलंस, बर्झीन. मी थांब म्हणाले असते, तू थांबला असतास, आणि इथे रोज माझ्यावर चरफडत बसला असतास. तुला जायचं होतं. ते तुला सरळ म्हणता आलं नाही आणि मला थांब असं सरळ म्हणता आलं नाही. कसल्या सभ्य घरात वाढलो आपण!

पहिल्या पत्रापासून मी कामाचं कारण पुढे करून लिहीत आले. माग थांबला, कोड बघ, अडतीस माणसं आहेत, हाजी-आगा आहेत. ते सगळं खरं होतं, पण ते नसतं तर मी लिहिलं असतं की नाही कुणास ठाऊक. आता माग चालू आहे. बाकीचे अकरा मी आणि उस्ता बसवू. त्यात मला तुझी मदत नको आहे, खरंच नको, आणि हे तारोफ नाही. तुझ्याकडे माझं एकही काम उरलेलं नाही, बर्झीन. आज सकाळपासून शोधतेय, सापडत नाही.

तरीही ये. मला तू हवा आहेस.

फरंगीस